घरात नसलेल्या जिन्नसाच्या जागी काय घालायचं: गोव्यात नव्याने आलेल्यांसाठी

कोल्हापूर सोडून म्हापशात राहायला येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. आषाढ चालू होता आणि मुलाचा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. पाऊस असा की कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जाववेना. ओव्हन तापत ठेवला, बेकिंग पावडरचा डबा उघडला, तर आत ओल धरून घट्ट खडा झालेला. शेजारी सोड्याचा डबा होता. दोन्ही पांढऱ्याच पावडरी, दोन्हींनी केक फुगतो, म्हणून मी दीड चमचा पावडरीच्या जागी दीड चमचा सोडा घातला. केक फुगला, पण रंगाने पिवळट-तांबूस आणि चवीला साबणासारखा झाला. मुलाने एक घास खाल्ला आणि काही न बोलता ताटली बाजूला सरकवली. ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आंटींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बाय, पावडर ना जाल्यार धंय आसा न्हय?" पावडर नसली तर दही आहे ना घरात! त्यांच्या या एका वाक्यातून मला पुढची सगळी वाट सापडली. डब्यावरचं नाव काय आहे यापेक्षा तो जिन्नस त्या पदार्थात काम काय करतो, हे विचारायचं. काम कळलं की ते करणारं दुसरं काहीतरी घरात बहुतेक सापडतंच. गोव्याच्या स्वयंपाकघरात तर अशा अदलाबदली पिढ्यान् पिढ्या मुरलेल्या आहेत. इथे पाव फुगवायला यीस्टऐवजी माडाची सूर, म्हणजे माडी, वापरली गेली, केकमध्ये मैद्याच्या जागी रवा आला, दुधाच्या जागी नारळाचा रस आला.

गेल्या काही वर्षांत मी जे करून पाहिलं आणि जे जमलं, तेच खाली देते आहे. तुम्ही नुकतेच गोव्यात आला असाल, किंवा बेकिंग नुकतंच सुरू केलं असेल, तर माझ्यासारखा वाढदिवसाचा केक वाया घालवू नका.

१. आधी एवढं जमवून ठेवा

साधनं थोडीच लागतात:

- ग्रॅममध्ये मोजणारा छोटा वजनकाटा
- मापाचे चमचे: छोटा ५ मिली, मोठा १५ मिली
- मापाचा कप, साधारण २४० मिलीचा
- दही टांगायला आणि नारळ पिळायला स्वच्छ मलमलचं फडकं
- घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्या
- एक वही

वजनकाट्यावर पैसे घालताना मागेपुढे पाहू नका. आपल्या घरातली आमटीची वाटी दीडशे मिलीची असते, तशीच दोनशेचीही असते. कृतीतला "कप" आपल्या वाटीने मोजला की पुढची सगळी मापं बिघडतात, आणि दोष मात्र आपण पर्यायी जिन्नसाला देतो.

फडताळात नेहमी असू द्या: खायचा सोडा, कॉर्नफ्लॉवर किंवा तवकीर, दुधाची पावडर, जवस, व्हिनेगर, गूळ आणि लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते सायट्रिक ॲसिड. दही, लिंबू, नारळ आणि केळी तर गोव्यातल्या घरात असतातच.

पावसाळ्याआधी एक काम करा. मे महिन्यात इथे लोक पुरुमेंताची खरेदी करतात, म्हणजे पावसाचे चार महिने पुरेल अशी बेगमी. सुकी मासळी, मिरच्या, सोलं (आमसुलं), चिंच, व्हिनेगर, गूळ असं सगळं तेव्हा बाजारात येतं. त्याच सुमारास आपल्या बेकिंगच्या डब्यांचीही तपासणी करून टाका. अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर गरम पाण्यात टाका. लगेच फसफसली तर चांगली. सोडा मात्र पाण्यात टाकून कळत नाही, त्यावर थोडं व्हिनेगर किंवा लिंबू पिळा. बुडबुडे सुस्त आले तर तो डबा भांडी घासायला ठेवा.

२. जिन्नसाचं काम ओळखा

कृती वाचताना प्रत्येक जिन्नसापुढे एक शब्द लिहा: फुगवतो, बांधतो, ओलावा देतो, आंबटपणा देतो, गोडी देतो, दाट करतो किंवा वास देतो. काही जिन्नस दोन-तीन कामं करतात. अंडं बांधतं, फुगवतं आणि ओलावाही देतं. ताक ओलावा देतं आणि सोड्याला आंबटपणा पुरवतं. म्हणून ताकाऐवजी नुसतं दूध घातलं तर ओलावा येतो, पण सोडा तसाच पडून राहतो आणि केक बसतो.

एका वेळी एकच जिन्नस बदला. अंडं, लोणी आणि मैदा तिन्ही एकाच दिवशी बदललेत आणि केक फसला, तर कशामुळे फसला ते कधीच कळणार नाही.

३. फुगवण: सोडा आणि पावडर

हा भाग नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं.

खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो अल्कधर्मी असतो. दही, ताक, लिंबू, व्हिनेगर असं काही आंबट भेटलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ फुगतं. आंबट काही नसेल तर ओव्हनच्या उष्णतेने तो थोडाफार फुगवतो, पण मागे सोडियम कार्बोनेट उरतं. साबणाची चव त्याची, आणि तो पिवळा-तांबूस रंगही त्याचाच. बेकिंग पावडरीत सोडा, कोरडं आम्ल आणि दोघांना कोरडं ठेवायला थोडा स्टार्च असतो. म्हणजे पावडरीत सोड्याचा वाटा थोडाच. १ छोटा चमचा पावडरीच्या जागी फक्त पाव छोटा चमचा सोडा लागतो, आणि सोबत आंबट हवंच. मी त्या दिवशी चौपट सोडा घातला होता, तोही आंबटाशिवाय.

१ छोटा चमचा बेकिंग पावडरीऐवजी यातलं काहीही चालेल:

- पाव छोटा चमचा सोडा आणि अर्धा कप आंबट दही किंवा ताक. कृतीतलं दूध किंवा पाणी अर्धा कप कमी करा, नाहीतर पीठ पळीवाढं होईल.
- पाव छोटा चमचा सोडा आणि अर्धा छोटा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस.
- पाव छोटा चमचा सोडा आणि अर्धा छोटा चमचा क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे एक कोरडी आंबट पावडर.

क्रीम ऑफ टार्टर मिळत असेल तर घरीच पावडर करून ठेवता येते: १ भाग सोडा, २ भाग क्रीम ऑफ टार्टर, १ भाग कॉर्नफ्लॉवर. तीनदा चाळा, कोरड्या बरणीत भरा आणि झाकणावर तारीख लिहा. म्हापशाच्या दुकानांत मला क्रीम ऑफ टार्टर दरवेळी मिळालं नाही, म्हणून मी लिंबूसत्त्वावर आले. त्याचं प्रमाण वेगळं आहे: १ छोटा चमचा सोड्याला पाऊण छोटा चमचा लिंबूसत्त्व, आणि १ छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर. हे मिश्रण मी साठवत नाही. इथल्या दमट हवेत ते डब्यातच काम उरकून घेतं. लागेल तेवढंच करते.

दुकानातली बहुतेक बेकिंग पावडर थोडी ओलाव्याने आणि थोडी उष्णतेने फुगते, म्हणून पीठ पाच-दहा मिनिटं थांबू शकतं. घरच्या मिश्रणाचा जोर ओलं होताच सुटतो. तेव्हा ओव्हन आधी तापवा, भांड्याला तूप लावून मैदा भुरभुरा, आणि मगच ओलं-कोरडं एकत्र करा. कालवून झालं की लगेच आत. पावसाळ्यात वीज जाण्याची चिन्हं असतील तर त्या दिवशी हा प्रयोग करू नका.

ढोकळ्याला घालतो त्या फ्रूट सॉल्टमध्येही सोडा आणि सायट्रिक ॲसिडच असतं. वाफवायच्या पदार्थाला ते चांगलं चालतं. फक्त बिनचवीचं घ्या.

४. ताक, साय, चक्का

परदेशी कृतीतलं बटरमिल्क म्हणजे आपलं पातळ, जिरं-कोथिंबीर लावलेलं ताक नव्हे. ते दाट आणि आंबट असतं. कपात १ मोठा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घ्या, वर दूध ओतून कप भरा, दहा मिनिटं ठेवा. दूध किंचित फाटल्यासारखं दिसेल, ते बरोबर आहे. किंवा पाऊण कप दह्यात पाव कप पाणी घालून घुसळा. मला हा दुसरा मार्ग जास्त आवडतो, केक मऊ होतो.

सावर क्रीमऐवजी चक्का घ्या आणि चमचाभर दुधाने सैल करा. दही रात्रभर फडक्यात टांगायचं, पण गोव्याच्या उकाड्यात ओट्यावर नको, सकाळपर्यंत फार आंबट होतं. चाळणीत फडकं ठेवून खाली पातेलं ठेवा आणि सगळं फ्रिजमध्ये ठेवा.

क्रीम चीजसाठी १ लिटर म्हशीचं दूध लिंबाने फाडा, पाणी निथळू द्या, आणि पनीर कोमट असतानाच दोन-तीन मोठे चमचे चक्का व चिमूटभर मीठ घालून मिक्सरवर लोण्यासारखं वाटा. थंड पनीर वाटलं की रवाळ राहतं.

आमटी-सूपसाठी क्रीम हवं असेल तर पाऊण कप दुधात पाव कपाहून थोडं जास्त वितळलेलं लोणी फेटा. हे फेटून फुलत नाही, केकवर लावायला त्याचा उपयोग नाही. घरची साय ताजी असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही.

कंडेन्स्ड मिल्कचा डबा नसेल तर १ कप दुधाची पावडर, दोन तृतीयांश कप साखर, एक तृतीयांश कप उकळतं पाणी आणि २ मोठे चमचे लोणी मिक्सरमधून गुळगुळीत फिरवा. थंड झालं की दाट होतं. वेळ असेल तर १ लिटर दूध आणि २०० ग्रॅम साखर जाड बुडाच्या पातेल्यात आटवा. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा. आतलं मिश्रण ४०० ग्रॅमवर आलं की गॅस बंद. अंदाजाने आटवलं की एकदा पातळ राहतं आणि पुढच्या वेळी बासुंदीच्या पुढे जातं.

५. नारळ

घाटावर आमच्या घरी नारळ फोडायचा म्हणजे काहीतरी निमित्त लागायचं. इथे तो रोजचा. नारळ हाताशी असला की पाकिटातल्या निम्म्या गोष्टींची गरजच पडत नाही.

*डब्यातलं नारळाचं दूध.* मध्यम नारळाचा साधारण दोन कप चव निघतो. इथे त्याला सोय म्हणतात, बाजारात किंवा शेजारी हा शब्द ऐकाल तेव्हा गोंधळू नका. त्यात पाऊण कप कोमट पाणी घालून मिक्सरवर फिरवा आणि फडक्यातून घट्ट पिळा. हा पहिला दाट रस. कृतीत डब्यातलं दूध असेल तर हाच घ्यायचा. चोथ्यात आणखी दीड कप कोमट पाणी घालून पुन्हा पिळा. हा पातळ रस आमटीला, भात शिजवायला किंवा सोलकढीला. पाणी उकळतं घेऊ नका, कोमटच घ्या. आणि दाट रस घातल्यावर खळखळून उकळू नका, तो फुटतो.

*नारळाचं क्रीम.* दाट रस रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर घट्ट थर येतो, तो चमच्याने अलगद काढून घ्या.

*गाईचं दूध चालत नसेल तेव्हा.* केकमध्ये दुधाइतकाच दाट रस घाला. त्यात चरबी जास्त असते, म्हणून लोणी किंवा तेल चमचा-दोन चमचे कमी करा.

*डेसिकेटेड कोकोनट.* ताजा चव कढईत अगदी मंद आचेवर कोरडा परता, रंग बदलू देऊ नका. बोटांत घेतला की सुटा वाटला पाहिजे. उलट वेळही येते, कृतीत ओला नारळ आणि घरात फक्त पाकीट. तेव्हा तेवढ्या खिसावर थोडं कोमट पाणी किंवा दूध शिंपडून अर्धा तास झाकून ठेवा.

इथला बातिका, म्हणजे रवा आणि ओल्या नारळाचा केक, मी शेजारच्या आंटींकडून शिकले. नाताळात त्यांच्याकडून येणाऱ्या ताटात तो असतोच. त्यात मैदा नाही याची उणीव मला पहिल्या घासालाही जाणवली नाही. रवा पीठ कालवून रात्रभर भिजतो आणि ओला नारळ त्याला मऊ ठेवतो. मैदा संपलेला असेल आणि तुमच्याकडे एक रात्र असेल, तर दुसरा केक शोधण्याऐवजी बातिका करा. ओल्या नारळाचा केक इथल्या हवेत दोन दिवसांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, त्याला लवकर वास लागतो.

६. गूळ, काकवी, साखर

ब्राऊन शुगर म्हणजे पांढरी साखर आणि तिच्यात परत मिसळलेली मळी. आमच्या कोल्हापूरकडची काकवी त्या जागी अगदी चपखल बसते. १ कप साखरेला १ मोठा चमचा काकवी, जास्त गडद हवी असेल तर २. बोटांनी चोळा, ओल्या वाळूसारखी झाली की झाली.

काकवी नसेल तर गूळ. गोव्यात तुम्हाला दोन गूळ दिसतील. एक आपला उसाचा. दुसरा माडाचा, काळसर, मनोऱ्यासारखा निमुळता. तो सूर आटवून करतात. त्याची चव खोल, किंचित खारट आणि धुरकट असते. फळांच्या केकला, आल्याच्या बिस्किटांना तो इतका छान लागतो की मी आता त्यांच्यासाठी ब्राऊन शुगर आणतच नाही. व्हॅनिलाच्या साध्या केकला मात्र घालू नका, वास दाबून टाकतो. किसून, वजन करून साखरेइतकाच घ्या. थोड्या कोमट पाण्यात विरघळवून गाळून घेतलात तर उत्तम, कारण त्यात कचरा असू शकतो. जेवढं पाणी घातलं तेवढं कृतीतून वजा करा.

गरम दुधात गूळ टाकलात तर दूध फाटू शकतं. दोन्ही गार करून मग मिसळा.

आयसिंग शुगरसाठी १ कप साखर आणि १ मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर कोरड्या भांड्यात बारीक दळा आणि चाळा. पावसाळ्यात लागेल तेवढीच करा.

७. अंड्याशिवाय

श्रावण, चतुर्थी, सोमवार, संकष्टी. आपल्या घरांत अंड्याला सुट्टी असलेले दिवस कमी नाहीत. एका अंड्याच्या जागी:

- पाव कप दही. साध्या केकला हे सगळ्यात भरवशाचं.
- १ मोठा चमचा जवसाची पूड आणि ३ मोठे चमचे पाणी, दहा मिनिटं भिजवून चिकट झालेलं. बिस्किटं, ब्राऊनी, गव्हाचा केक यांना बांधायला.
- पाव कप कुस्करलेलं पिकलेलं केळं. साळदाटी किंवा रसबाळी, सालीवर काळे ठिपके आलेली. केळ्याची चव येणार, ती चालत असेल तरच.
- १ छोटा चमचा सोडा आणि १ मोठा चमचा व्हिनेगर, फक्त फुगवण्यासाठी. कृतीत आधीच बराच सोडा असेल तर हे टाळा.
- बिनमिठाचे काबुली चणे शिजवलेलं दाट पाणी, ३ मोठे चमचे. हे फेटलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं फुलतं.

एक-दोन अंड्यांपर्यंत हे चालतं. तीनपेक्षा जास्त अंडी असलेल्या कृतीला हात लावू नका, मुळातच बिनअंड्याची कृती शोधा. हात लावू नये अशा कृतीचं उदाहरण म्हणजे बेबिंक, इथला थरांचा गोड पदार्थ. त्याचा एकेक थर अंड्यांच्या पिवळ्या बलकावर आणि नारळाच्या रसावर उभा असतो, एक थर भाजला की त्यावर दुसरा. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी एकदा दही घालून करून पाहिला. गोड लागला, पण तो बेबिंक नव्हता.

८. लोणी, तूप, तेल

लोण्यात साधारण ८० टक्के चरबी असते, बाकी बहुतेक पाणी. तूप आणि तेल ही जवळजवळ पूर्ण चरबी. म्हणून १०० ग्रॅम लोण्याऐवजी ८० ग्रॅम तूप किंवा तेल आणि दीड मोठा चमचा दूध घ्या. दुकानातलं पिवळं लोणी बहुधा खारं असतं, तेव्हा कृतीतलं मीठ वगळा.

खोबरेल वापरणार असाल तर ते खायचंच आहे ना, बघून घ्या. ते साधारण २४-२५ अंशांच्या वर पातळ होतं, म्हणजे गोव्यात वर्षातले बरेच दिवस पातळच असतं. बिस्किटांना गोठलेली चरबी लागते. तेल आधी फ्रिजमध्ये गोठवा, पीठ मळल्यावरही अर्धा तास थंड करा, नाहीतर बिस्किटं ताटलीभर पसरतील.

९. यीस्ट आणि सूर

कृतीत ताजं यीस्ट १० ग्रॅम असेल तर कोरडं दाणेदार साधारण ४ ते ५ ग्रॅम, आणि इन्स्टंट ३ ते साडेतीन ग्रॅम पुरतं. दाणेदार यीस्ट कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून जागं करा. दहा मिनिटांत फेस आला नाही तर ते मेलेलं आहे, पुढे जाऊ नका.

गोव्यात मात्र प्रश्न उलटा पडतो. इथल्या कृतीत यीस्टच्या जागी सूर लिहिलेली असते. रेंदेर माडावर चढून ती काढतो. ताजी सूर गोडसर असते आणि हवेतल्या यीस्टमुळे तासातासाने आंबत जाते. पूर्वी पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पावाचं पीठ तिनेच फुगवत, आणि सान्नांना, म्हणजे इथल्या इडलीसारख्या वाफवलेल्या पदार्थाला, तिचाच वास. आता रेंदेर कमी झाले, माडांच्या गावात राहूनही सूर मिळायला ओळख लागते. मिळाली तर सकाळची ताजी घ्या आणि त्याच दिवशी वापरा. फ्रिजमध्येही ती आंबत राहते. बंद बाटलीचं बूच घट्ट लावू नका, आतल्या वायूने बाटली फुटू शकते.

सूर न मिळाल्यास सान्नांसाठी: १ कप शहाळ्याचं कोमट पाणी, दीड छोटा चमचा साखर, अर्धा छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट. पंधरा मिनिटांनी फेसाळलं की २ कप भिजवलेले उकडे तांदूळ आणि अर्ध्या नारळाचा चव यांच्या वाटणात घाला. उन्हाळ्यात तासाभरात पीठ वर येतं, पावसाळ्यात दीड-दोन तास धरा. मऊपणा तोच येतो. वास थोडा कमी पडतो, हे मात्र खरं.

१०. आंबट: सोलं, आगळ, व्हिनेगर

गोव्याचं व्हिनेगर माडाच्या सुरेचं. रंगाने मातकट, चवीला भरलेलं. विंदालू, सोरपोतेल ही मांसाची कालवणं आणि मासळीला लावायचं रेशादचं वाटण त्याच्यावर चालतं. ते नसेल तर साधं पांढरं व्हिनेगर थोडं कमी घ्या आणि चिमूटभर गूळ घाला, तिखटपणाची धार मोडते.

लोणचं किंवा टिकवायचं वाटण करताना व्हिनेगरच्या जागी लिंबू, चिंच असं काही घालू नका. तिथे व्हिनेगर चवीसाठी नसतं, टिकवण्यासाठी असतं. घरी केलेल्या व्हिनेगरची आंबटाई किती ते कळत नाही, तेही टिकवणीत नको. बाटलीवर आम्लता लिहिलेलं घ्या.

रोजच्या आमटीत चिंच, सोलं, आंबाडे, बिंबलं, आंबोशी यांची अदलाबदल बिनधास्त करा. आगळ, म्हणजे सोलांचा खारवलेला रस, घालताना सावध राहा: त्यात भरपूर मीठ असतं. आधी आगळ घाला, चव घ्या, मग मीठ. आणि केकमध्ये सोड्यासोबत आंबट म्हणून आगळ वापरायचा मोह झाला तर आवरा. सोड्याने त्याचा लाल रंग निळसर-राखाडी होतो, वर खारटपणा.

११. पीठ आणि दाटपणा

सेल्फ रेझिंग फ्लॉवर म्हणजे १ कप मैदा, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा मीठ. केक फ्लॉवर म्हणजे १ कप मैद्यातून २ मोठे चमचे काढून त्या जागी २ मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर. दोन्ही दोनदा चाळा.

दाट करायला कॉर्नफ्लॉवर नसेल तर तवकीर तितकीच, किंवा मैदा अथवा तांदळाचं पीठ दुप्पट. तवकीर शेवटी घाला आणि फार उकळू नका, पुन्हा पातळ होते. तांदळाचं पीठ मात्र नीट शिजू द्या, कच्चं लागतं.

१२. वास

व्हॅनिला नसेल तर जायफळ-वेलची. ही तडजोड वाटत असेल तर एकदा ताज्या जायफळाचा केक करून बघा. फोंड्याकडच्या कुळागरांत, म्हणजे बागायतींत, सुपारीच्या सावलीत जायफळ, मिरी, वेलची होते, काही ठिकाणी व्हॅनिलाच्या वेलीही आहेत. शेंगा मिळाल्या तर पाच-सहा उभ्या चिरून २५० मिली व्होडकात बुडवा, अंधाऱ्या जागी दोन महिने ठेवा, आठवड्यातून एकदा हलवा. फेणीत घालू नका, तिचा स्वतःचा वासच इतका जबर की शेंगा वाया जातात.

ऑलस्पाइस १ छोटा चमचा लागत असेल तर अर्धा चमचा दालचिनी, पाव चमचा जायफळ, पाव चमचा लवंग. पॅप्रिकाऐवजी काश्मिरी मिरचीची पूड.

१३. वहीत काय लिहायचं, आणि कुठे थांबायचं

प्रत्येक वेळी तारीख, काय बदललं, किती ग्रॅम, ओव्हनमध्ये किती वेळ, आणि पाऊस होता की ऊन, हे लिहा. माझ्या वहीत एकच दह्याचा केक एप्रिलमध्ये ३५ मिनिटांत आणि जुलैमध्ये ४२ मिनिटांत झाल्याची नोंद आहे.

दुसऱ्याच्या घरी न्यायचा पदार्थ असेल तर पर्याय आधी घरी एकदा करून बघा, आणि काय घातलं ते खाणाऱ्याला सांगा. जवस, चणे, नारळ कुणाला चालत नसेल, कुणाचा उपास असेल.

आणि तिरफळं. बांगड्याच्या उड्डमेथीत इथली माणसं तेफळां घालतात, आणि नव्याने आलेले लोक त्याजागी मिरी घालून बघतात. मीही घातली होती. जिभेवर येणारी ती झिणझिण मिरीने येत नाही, घरातल्या दुसऱ्या कशानेही येत नाही. ती बाजारातून सुकी आणा, आतली काळी बी काढून टाका, नुसती टरफलं घट्ट बरणीत भरा. आमटीत घालताना पाट्यावर हलकेच ठेचा, पाच-सहा पुरतात, आणि वाढण्याआधी काढून घ्या.